पद्मे, पिलाची माय पाहिली काय?

पद्मे, कुठं कुत्रं भुंकलं की अजून माझा उजवा हात आपोआप पुढं येतो. तुला कोपर धरायला मिळावं म्हणून. माझ्या कोपरात नखं रुतवूनच तू इतकी वर्षं रस्त्यानं चाललीस, तेव्हा हाताला सवय लागणारच. परवा कारंजाच्या स्टँडवर उतरले, तर फाटकाशी एक मरतुकडं कुत्रं कोणावर तरी गुरगुरलं आणि मी हात वाकवून उभी राहिले. बाजूला कोणीच नव्हतं. एका बाईनं विचारलं, मावशी, चक्कर आली काय. मी हो म्हणून टाकलं.

गावाला वाटायचं, भांड्यांच्या दुकानातल्या या बाईला कुत्र्यांचं वेड आहे. गिऱ्हाइकं तुझ्या माघारी म्हणायची, मूलबाळ नाही, नवराही लवकर गेला, म्हणून हा नाद. तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचीस आणि परातीवर नाव कोरत बसायचीस. खरी गोष्ट मला एकटीला माहीत होती. शाळेत असताना जुन्या वस्तीच्या बोळात पिसाळलेलं कुत्रं तुझ्या मागं लागलं, पोटरीला चावलं आणि मग पोटात घ्यायच्या त्या सुया आल्या. मी दवाखान्याच्या बाकावर तुझं दप्तर मांडीवर घेऊन बसायची आणि आतून तुझा आवाज ऐकायची. तेव्हापासून समोर कुत्रं दिसलं की तू रस्ता बदलायचीस, पन्नाशी उलटली तरी. तुला कुत्र्यांची भीती आणि मला माणसांची. दोघी मिळून कसंबसं एक धड माणूस व्हायचो आपण. त्यातलं निम्मं गेलं आणि जे उरलंय ते मागं उभं राहणारं निम्मं आहे.

तुझ्या भावजयीचा फोन आला तेव्हा मी सोयाबीनच्या सोंगणीवर होते. हातात विळा होता. ताई दुकानातच गेल्या, बसल्या बसल्या, एवढंच ती म्हणाली. तुला राग आला तर येऊ दे, पण मला पहिल्यांदा रडू आलं नाही. पहिल्यांदा भीती वाटली. आता नंदूसमोर कोण उभं राहणार, हा पहिला विचार आला. रडू नंतर आलं, तुझ्या दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर पाहिलं तेव्हा. तू कधी अर्धं शटर ठेवलं नाहीस. उघडं तर उघडं, नाहीतर बंद, असा तुझा कारभार.

नंदू माझा चुलत दीर. कामरगावाबाहेर त्याचं आणि आमचं वावर एकाच धुऱ्यावर, मधे फक्त तो बांध. त्याला राक्षस म्हणायला माझी जीभ रेटत नाही, हे तुलाही माहीत होतं. ह्यांच्या छातीत दुखलं होतं तेव्हा त्यानंच गाडी काढून अमरावतीला नेलं आणि दवाखान्याच्या पायरीवर दोन दिवस बसून राहिला. आधी त्याचा कोंबड्यांचा शेड होता. रोग आला, कोंबड्या गेल्या, पिंजरे रिकामे राहिले. मग एक दिवस त्या पिंजऱ्यांतून भुंकण्याचा आवाज यायला लागला. नंदूनं कंपनी काढली, असं गावात म्हणत. लॅब्राडोर, पामेरियन, ते चपट्या नाकाचे पग. पिलं अमरावतीला, नागपूरला, अकोल्याला जायची आणि वाढदिवसाला लाल रिबीन बांधून कोणाच्या तरी हातात पडायची. आमच्या वावरात यायची ती फक्त वाऱ्यावरची घाण आणि आवाज. निंदायला बसलं की दिवसभर कानात तोच आवाज. हळूहळू माझ्या लक्षात आलं की हे भुंकणं नेहमीचं नाही. ते मधे थांबतच नाही. हे मी तुला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तू जीपमधून उतरलीस, पदर खोचून, तोंड पांढरंफटक.

तो दिवस मला अजून नको वाटतो. नंदू बाजाराला गेला होता. आपण धुऱ्यावरून गेलो आणि जाळीपाशी उभ्या राहिलो. कोंबडीच्या पिंजऱ्यात कुत्री. खाली तार, तारेखाली घाण. प्रत्येकीच्या पोटाला ओघळलेले सड, काहींना पिलं लागलेली, काहींची नुकतीच काढून नेलेली. आपल्याला बघून त्या सगळ्या एकदम उठल्या आणि तू माझं कोपर असं धरलंस की रक्त आलं. मला वाटलं तू पळणार. मीच तुला ओढत होते, चल म्हणून. तू हललीच नाहीस. नुसती बघत होतीस. एक पिवळट लॅब्राडोर कोपऱ्यात होती, ती उठली नव्हती. "हिचे पंजे पाह्य व, शीले," तू म्हणालीस. "हिनं जमीन पाह्यलीच नाही कधी." पंजे तारेवर उभं राहून फाकले होते. नंतर पळसाच्या झाडाखाली बसून तू ओकलीस. तोंड धुवायला मी विहिरीचं पाणी दिलं, तर म्हणालीस, हे बंद करायचं.

मी म्हटलं, कसं? तू म्हणालीस, ते मला काय माहीत.

पण तुला माहीत होतं. तुझ्यासारखी दुकानदारीण मी पाहिली नाही. कोणाला काय पटतं, ते तुला गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत कळायचं. प्राण्यांवर दया करा, असं तू एकालाही सांगितलं नाहीस. भांडी घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला तू विचारायचीस, "कालवड घेतानी तिची माय पाह्यता. दूध किती, सभाव कसा, सारं इचारता. मंग पिलाची माय काहून नाही पाहत?" माणूस हसायचा, आणि मग हसता हसता थांबायचा. आमच्याकडे कालवडीची माय बघितल्याशिवाय कोणी विसाराचं नाव काढत नाही. मोबाइलवर फोटो बघून कुत्र्याचं पिलू घेणाऱ्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. तू विचारत सुटलीस. दुकानात, आठवडी बाजारात, मंदिराच्या बाहेर चपला घालता घालता. वाट्यांच्या बुडाशी फुकट कोरून द्यायला लागलीस, माय पाहून घ्या. ती एक वाटी आंदणात गेली आणि नवरदेवाची आई रुसून बसली, आठवतं? मुलीकडच्यांची समजूत घालायला तुला पुऱ्या डझनभर वाट्या बदलून द्याव्या लागल्या. मी इतकी हसले की मला उचकी लागली, आणि तू रागानं मला पाणी दिलं नाहीस.

खोक्याला भोकं पाडून ट्रॅव्हल्सच्या डिकीत पिलं टाकतात, हे कळल्यावर तू त्या ऑफिससमोर स्टूल टाकून बसलीस. भांडली नाहीस. नुसती बसलीस, विणकाम घेऊन. चार-पाच दिवसांनी त्या माणसानं हात जोडले आणि पिलं घेणं बंद केलं. मी त्या वेळी समोरच्या रसवंतीत बसले होते. तुझ्याजवळ यायची हिंमत नव्हती; रस्त्यानं आमच्या गावचं कोणी गेलं असतं तर? तू मला त्याबद्दल कधी बोललीही नाहीस. उलट उठताना रसवंतीत येऊन माझ्या ग्लासातला उरलेला रस प्यायलीस.

लोक नंदूला माय दाखव म्हणायला लागले. नंदूही काही कच्चा नव्हता. त्यानं एक गुबगुबीत कुत्री आणून अंगणात बांधली, शांपू लावून. पांढऱ्या पामेरियनची माय तीच, काळ्या लॅब्राडोरची माय तीच. हे मी सांगितलं तेव्हा तू आधी हसलीस आणि मग कोरायला घेतलेली वाटी बाजूला ठेवलीस.

आणि मग पर्युषण आलं. इथपासून आपलं भांडण.

तुम्हा जैनांत जीव सोडवायची रीत. बाजारातून बकरं विकत घ्यायचं, गाय घ्यायची, कसायाच्या दारातून परत आणायची आणि गोरक्षणात ठेवायची. लहानपणी तुझ्या वडिलांबरोबर मीही गेले होते एकदा, मला ते फार आवडलं होतं. गेल्या वर्षी तू मंदिरातल्या बायकांकडून वर्गणी केलीस आणि कोणाला न विचारता नंदूकडे जाऊन कुत्र्या विकत घेतल्यास. म्हाताऱ्या, ज्यांना आता पिलं होत नव्हती त्या. नंदूनं तुला चहा पाजला. पाजणारच. ज्या कुत्र्या तो अमरावती रोडला सोडून देणार होता, त्यांचे त्याला कोणी रोख मोजले. तू टेम्पोतून त्यांना कारंजाला आणलंस, टेम्पोत पुढं ड्रायव्हरजवळ बसून, मागं एकदाही न बघता. गोरक्षणवाले म्हणाले, आम्ही गाई घेतो, कुत्र्या नाही. मग तू दारोदार फिरून एकेक देऊन टाकलीस. एक मात्र कोणी नेली नाही, ती पिवळट लॅब्राडोर. ती तुझ्या दुकानात राहिली, कारण ती उंबरा ओलांडायला तयार नव्हती. बाहेर फरशी संपून माती सुरू व्हायची, आणि मातीवर पाय ठेवायला ती भ्यायची.

महिन्याभरात नंदूच्या शेडला पिंजऱ्यांची नवी ओळ लागली. कोवळ्या कुत्र्या आल्या, नागपूरहून. मी धुऱ्यावरून बघितलं, तशीच कामाच्या लुगड्यात एस.टी.त बसले आणि तुझ्या दुकानात येऊन तुला नाही नाही ते बोलले. नंदूची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक तूच निघालीस, असं म्हटलं. दुकानात दोन बायका कुकर बघत होत्या, त्यांच्यासमोर. तू गल्ल्यावरून उठली नाहीस. "मंग त्याइले तथीच मरू द्याव काय?" एवढंच विचारलंस. मी म्हटलं, हो, या मरतील पण पुढच्या येणार नाहीत. हे बोलताना ती पिवळी कुत्री माझ्याकडे बघत होती. मी तशीच निघून आले, आणि मग किती महिने आपण बोललो नाही. मी कारंजाला यायची, भाजी घ्यायची, तुझ्या गल्लीवरून न जाता घरी जायची. माझंच बरोबर होतं, पद्मे. अजूनही माझंच बरोबर आहे. हे सोडवून घ्यायला तू आता येणार नाहीस, हा अन्याय आहे.

यंदा क्षमावाणीच्या दिवशी तुझा फोन येणार हे मला माहीत होतं. दरवर्षी तू उत्तम क्षमा म्हणायचीस आणि मी म्हणायची, जा, केलं माफ. पण फोनच्या आधी तू काय करून बसली होतीस, ते मला ह्यांच्याकडून कळलं. ह्यांनी धुऱ्यावरून पाहिलं. तू नंदूच्या शेडवर गेलीस, एकटी, माझं कोपर नसताना. आत कुत्री ओरडत होती आणि तू फाटकाची सळई धरून उभी होतीस. नंदू बाहेर आला. तू त्याला हात जोडलेस आणि म्हणालीस, "नंदूभाऊ, माह्याकडून तुमचं मन दुखलं असन तं उत्तम क्षमा. पण उद्या तुमची तक्रार देणार हाये मी, ते वापस घेणार नाही." तो पाणी आणायला आत गेला, तोवर तू निघून गेली होतीस. मला सांगताना हे बराच वेळ डोकं खाजवत होते. त्यांना हसावं की काय करावं, समजत नव्हतं.

संध्याकाळी मला फोन केलास. "बाकी साऱ्याची क्षमा मागते व शीले," म्हणालीस. "त्या कुत्र्या इकत घेतल्या, त्याची नाही मागत." मी म्हटलं, मग मीही ते सोडून बाकीचं माफ करते. तू हसलीस. मला वाटलं, दिवाळीला बसू आणि भांडू नीट.

तक्रारीत खोट काढायला जागा नव्हती. कुत्र्यांची पैदास करून विकायची तर सरकारी नोंदणी लागते, ती नंदूकडे नव्हती. तपासणीचा दिवस ठरला. त्याच्या आधीच तू गेलीस. मग पशुसंवर्धनच्या साहेबांचा मला फोन आला. माझा नंबर तूच देऊन ठेवला होतास, न सांगता. साहेब तरुण होते, बोलायला बरे. तक्रारदार हयात नाही, गावातलं कोणी जबाब द्यायला उभं राहिलं तर बरं होईल, नाहीतर हे प्रकरण असंच पडून राहील, म्हणाले. मी सांगते म्हटलं आणि फोन ठेवला.

साहेबांनी कोणाला सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी नंदू घरी आला. तोवर आमचं सोयाबीन सोंगून झालं होतं आणि वावरात गंजी लागली होती. वर्षाचं सगळं त्या एका ढिगात. त्यानं चहा घेतला. तुझ्याबद्दल चांगलं बोलला, बाई दिलदार होती म्हणाला. ह्यांच्या तब्येतीची चौकशी केली. थ्रेशर कधी येणार, विचारलं, आणि हसत म्हणाला की रस्ता तर त्याच्याच वावरातून आहे, सांगून येऊ द्या. उठताना चपला घालत म्हणाला, "वहिनी, यंदा उन्हं लय कडक हायेत. गंजीकडे ध्यान ठेवजा. वाळलं सोयाबीन, बिडीचं थोटूक पुरते त्याले."

त्याचा आवाज अगदी मायेचा होता. म्हणूनच तो वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभी राहिले. त्यानं खरंच काळजीनं सांगितलं असेल काय? असेलही. हेच तर वाईट आहे भीतीचं, ती कोणाला धड दाखवताही येत नाही. मी ह्यांना म्हटलं, तो धमकी देऊन गेला. हे म्हणाले, तू नको पडू त्याच्यात, कुत्र्याची पिलं आहेत, माणसाची नाहीत. आणि मग स्वतःच उठून वावराकडे गेले, गंजी बघायला. तेव्हापासून घरात बिडीचा वासही आला तरी आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो. वावराच्या दिशेनं कोणाचा धूर दिसला की मी हातातलं काम टाकून दारात येते. शेजारणीची चूल असते.

जबाब द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. तुला खोटं कशाला सांगू. मी तुझ्या दुकानात गेले ते फक्त तुझ्या भावजयीला भेटायला. तिनं सांगितलं की ती कुत्री काही खात नाही, कोणाला जवळ येऊ देत नाही, हिचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. ती गल्ल्याखाली बसली होती, तुझ्या गादीला टेकून. तू तिला नाव ठेवलं नव्हतंस. बाई म्हणायचीस. बाई, बसा. बाई, जेवून घ्या. भीतीपोटी इतका मान कोणी कुत्र्याला दिला नसेल. तिचं ताट तू काठीनं पुढं सरकवायचीस, हे मी स्वतः पाहिलं होतं, आणि त्यावरून तुला चिडवलंही होतं. तू गल्ल्याच्या या बाजूला, ती त्या बाजूला, एकमेकींना भीत.

मी खाली वाकले. ती मागं सरकली, भिंतीला चिकटली. मग मी तुझ्या गादीवर बसले, आणि सहज हात टेकायला गेले तो गल्ल्याच्या कडेला तळवा वर करून राहिला. पद्मे, ती उठली. हळू हळू आली. माझ्या तळव्यात हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले. अगदी ठरलेल्या जागी ठेवावी तशी. तुझी भावजय म्हणाली, ताईंजवळ ती रोज अशीच बसायची, दुपारी गिऱ्हाईक नसलं की. तिला वाटलं मला माहीत असेल.

मला माहीत नव्हतं. तू मला सांगितलं नाहीस. कधी ठेवलास गं पहिल्यांदा हात? किती घाम आला असेल तुला? कोपर कोणाचं धरलंस? मी रागानं तुझी गल्ली टाळत होते, तेव्हा तू त्या गल्ल्यापाशी बसून हे एकटीनं करत होतीस.

काल तपासणी झाली. मी गेले. गेले म्हणजे पाय ओढत गेले. छाती अशी धडधडत होती की ह्यांच्यासारखं मलाही अमरावतीला न्यावं लागतं की काय. साहेब होते, पोलीस पाटील होते, नंदू होता, नंदूची बायको दारात पदर तोंडाला लावून. आत कुत्री ओरडत होती. साहेबांनी कागदावरून मान वर केली आणि विचारलं, तक्रार कोणाची आहे. नंदू माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या खांद्यावरून मागं बघत होता, आमच्या गंजीकडे. माझा उजवा हात आपोआप पुढं आला.

"माही," मी म्हटलं.

आवाज इतका बारीक निघाला की साहेबांना पुन्हा विचारावं लागलं. मग पुन्हा म्हटलं. जबाब लिहिला, सही केली. साहेब पिंजऱ्यांपुढून एकेक करत गेले आणि त्यांच्या तोंडाचा रंग उतरत गेला. विक्री बंद ठेवायची, कुत्र्यांना जमिनीवर काढायचं, बाकीचं वरून ठरेल, असं लिहून दिलं. वरून काय ठरेल, कधी ठरेल, माहीत नाही. त्या अजून तिथंच आहेत. नंदू मला काहीच बोलला नाही. वहिनीसुद्धा म्हणाला नाही.

आता मी हे गंजीजवळ बसून लिहितेय. दिवस कलला आहे. हे गावात गेलेत, थ्रेशरवाल्याकडे. तो उद्या सकाळी यायचा आहे, नंदूनं त्याच्या वावरातून येऊ दिला तर. तुझी बाई माझ्याबरोबर आहे. तिला जीपमधून आणली, उचलून, आणि ती आल्यापासून ताडपत्रीवर बसून आहे. ताडपत्री संपून माती सुरू होते तिथपर्यंत पंजा नेते आणि मागं घेते. राखणीला हिचा काडीचा उपयोग नाही. शेडमधून आवाज आला की कान हलवते, स्वतः मात्र भुंकत नाही. हिला भुंकताना मी ऐकलंच नाही.

धुऱ्यापलीकडे नंदू येऊन उभा राहिला आहे. मघापासून इकडेच बघतोय. तो तंबाखू खातो, बिडी ओढत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी मी त्याच्या हातांकडे बघतेय. मला पळून जावंसं वाटतंय, पद्मे, घरी, दार लावून. मी इथून उठणार नाही. मी तळवा वर करून ताडपत्रीवर ठेवलाय. बाई आली, हनुवटी ठेवली. तीही उठून जात नाही.

बाईला विकत आणलीस, त्या एका गोष्टीची तेवढी तू क्षमा मागितली नाहीस. बरं केलंस गं. नकोच मागू.